दिसणे कसे थांबवावे

साहेबांनी बदललेलं शीर्षक तिनं पुन्हा खोडलं आणि आपलं टाकलं : 'तुमचे ठिकाण इतरांना दिसणे कसे थांबवावे'. कंपनीच्या ॲपमध्ये घरची माणसं एकमेकांना नकाशावर दिसत. त्या ॲपची मदतपानं लिहिणं हे तिचं काम.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"पुन्हा तेच? 'कुटुंबाशी जोडलेले राहण्याचे पर्याय' यात वाईट काय आहे?"

"त्यात थांबवायचं कुठे आहे?"

"आत आहे की, खाली. शीर्षकातच 'थांबवा', 'बंद करा' दिसलं की लोक बिचकतात."

"पण जिला थांबवायचंय ती तेच शब्द शोधणार ना, सर? तिला पानच सापडणार नाही."

"कोण ही 'ती'?" साहेब हसले. "एक तरी तक्रार आलीय?"

त्यांनी कीबोर्ड ओढला आणि तिच्या डोळ्यांदेखत आपलं शीर्षक परत टाकलं. आपण दात आवळून बसलो आहोत हे जबडा दुखायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. तो टीव्हीपुढे पाय पसरून बसला होता. आत वहिनी भांडी घासत होती. तिला पाहून वहिनीनं नळ आणखी मोठा सोडला.

"ताई, एक विचारू? तुमच्या त्या ॲपात मी कुठे आहे ते ह्यांना दिसतं. ते बंद करता येतं का हो? मदतीत शोधलं मी. सगळं जोडलेलं राहण्याचंच निघालं."

ते ॲप दादानंच घरात आणलं होतं, 'आमच्या बहिणीच्या कंपनीचं' म्हणून मिरवत.

"दुकानात जरा रेंगाळले तरी फोन येतो," वहिनी खालमानेनं म्हणाली. "परवा रस्त्यात मैत्रीण भेटली, तर तिथंच का उभी आहेस म्हणून."

फ्रिजवरचा वहिनीचा फोन उचलून ती तरातरा बाहेर आली आणि दादा न् टीव्हीच्या मधे उभी राहिली.

"बघ दादा. हे असं बंद होतं." तिनं बटण सरकवलं.

"अगं ए! काळजीपोटी लावलंय मी ते." त्यानं फोन हिसकावून घेतला. "आणि लपूनछपून जायचंय कुठे हिला?"

सकाळपासून घशाशी आलेलं सगळं ती आता ओकणार, तोच दारातून वहिनी म्हणाली,

"कुठेच नाही."

आवाज चढलेला नव्हता. वहिनीनं पुढे येऊन त्याच्यासमोर फोनसाठी हात धरला. दादा टीव्हीकडे बघत राहिला. जाहिरात संपली, दुसरी लागली. हात तसाच होता. मनगटावरून साबणाचं पाणी फरशीवर टपकत होतं. शेवटी त्यानं फोन त्या हातावर ठेवला.

"जेवायला किती वेळ आहे?" त्यानं विचारलं.

वहिनीनं हात पुसले, चपला घातल्या.

"येते जाऊन," ती म्हणाली. कुठे, ते तिनं सांगितलं नाही.