मी तर सगळ्यांवरच ओरडतो

मित्रांनो, मी शाळेच्या फाटकावरचा मेटल डिटेक्टर. अंगावरून फिरवतात तो. माझ्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि माझं बटण दोनदा दाबल्याशिवाय मी जागा होत नाही. अकलेचं म्हणाल, तर कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली: धातू लागला की ओरडायचं. पट्ट्याचं बक्कल असो की डब्याचं झाकण, मी ओरडतो. ते कुणाचं आहे, हे मला कळत नाही.

मी नवा होतो तेव्हाचं कौतुक काय सांगू! मुख्याध्यापिकाबाईंनी पालकसभेत मला उंच धरून सांगितलं, "माणूस भेदभाव करेल, यंत्र करत नाही. नियम सगळ्यांना सारखा!" टाळ्या पडल्या. मीही फुगलो.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं, ते आजतागायत ताळ्यावर नाही. गोरी मुलं आली की वॉचमनकाका "चला, पळा, पळा" म्हणत. पुलापलीकडच्या वस्तीतली काळी मुलं आली की मी खुंटीवरून खाली. काका दुष्ट म्हणावेत, तर तसंही नाही. "मला वरून सांगितलंय," एवढंच ते म्हणत. शाळेवर नेमलेले हवालदारसाहेब म्हणत, "सापडतं त्यांच्याकडेच ना!" अहो, शोधता त्यांच्याकडेच, तर सापडणार आणखी कुठे? पण मला बोलता थोडंच येतं!

वस्तीतल्या एका बसचालक बाईंची थोरली मुलगी गणितात फार हुशार होती. शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाली की तिचं पुढचं शिक्षण फुकट होणार होतं, आणि ती परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. "कर्कटक विसरू नका," असं शाळेनंच बजावलं होतं. परीक्षेच्या सकाळी तिच्यापुढचा गोरा मुलगा कंपासपेटी खुळखुळवत आत गेला. मग मला तिच्या दप्तरावर धरलं. मी ओरडलो.

"टोकदार वस्तू," हवालदारसाहेब म्हणाले. "चल ऑफिसात."

"साहेब, कर्कटक आहे. पेपरला लागतं."

"ते ऑफिसात सांग."

ऑफिसात मुख्याध्यापिकाबाईंनी मला टेबलावर ठेवलं, नेमकं त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी. मी जीव खाऊन ओरडलो. "अगंबाई, माझ्या किल्ल्या!" म्हणत बाई हसल्या. मला बंद करायला साहेबांनी उचललं, तर त्यांच्या बक्कलावरून पुन्हा ओरडलो. तेही हसले. इतक्यात परीक्षेची घंटा झाली.

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मग आता तुम्हालाही बसवून ठेवणार?"

हसू जागच्या जागी थांबलं. कर्कटकाचा विषय संपला आणि उद्धटपणाचा सुरू झाला. पेपर सुटेपर्यंत तिला त्याच खुर्चीवर बसवलं.

आई गणवेशातच धावत आली. "कर्कटकासाठी? तुम्हीच आणायला सांगितलेल्या कर्कटकासाठी?"

"यंत्र वाजलं हो," बाई म्हणाल्या. "आम्ही तरी काय करणार?"

म्हणजे खापर माझ्यावर! मित्रांनो, संतापानं माझे सेल तापले. मी तर बाईंच्या किल्ल्यांवर आणि साहेबांच्या बक्कलावरही ओरडलो होतो. मला धरलं कुणावर, हे कुणी विचारायचं?

आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तू म्हणतो, आमची काळजी घ्या. माझी नका घेऊ. हवं तर माझे सेल काढून ठेवा, मी गंजलो तरी चालेल.

ती मुलगी आता फाटकाशी आली की आपणहून दप्तर उघडते आणि दोन्ही हात वर करते. माझं बटणही अजून दाबलेलं नसतं. या वर्षी तिची धाकटी बहीण पहिलीत आली आहे. तिच्या दप्तरात चित्रांचं पुस्तक आणि रुमाल, बास. तीही ताईशेजारी उभी राहून हसत हसत हात वर करते. तिला वाटतं, शाळेत शिरताना असंच करायचं असतं.

कुणीतरी तिचे हात खाली घ्या हो.