तपासनीसकाकांचे तीन कॉर्ड

संशयाचं एक बरं असतं, त्याला खायला फार लागत नाही. एवढासा तुकडा टाकला की तो महिनाभर जगतो, वर बाळसंही धरतो. तपासनीसकाकांच्या घरात तो तुकडा पडला एका फोनच्या रिंगटोनमधून.

काका विजेच्या कंपनीत मीटर तपासायचे. निवृत्त झाले तरी गल्लीत तपासनीस हेच नाव राहिलं, आणि सवयही राहिली. कुणाकडे गेले तर आधी दाराबाहेरच्या मीटरचं सील बघणार, मग घंटी वाजवणार. चोरी पकडायची त्यांची एक रीत होती. ठरावीक वॅटचा दिवा लावायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि मीटरची चकती कशी फिरते ते बघत बसायचं. माणूस खोटं बोलतो, ते म्हणायचे, चकतीला तेवढी अक्कल नसते.

काकूंना झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय निजून गेले, वाचाही गेली. मागे राहिला एकच शब्द, नको. चहा हवा असला तरी नको, खिडकी उघडा म्हणायचं असलं तरी नको. लेक आली की डाव्या हाताने तिचा गाल कुरवाळत मायेने म्हणायच्या, नको, नको. देवाने सगळं कोठार उचलून नेलं आणि जाताना उंबऱ्यात एक दाणा सांडला, असं काका म्हणायचे, पण त्यात तक्रार नसायची. बायकोचं सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं. वेणी घालायला शिकले. वाकडी यायची, पण यायची. घास भरवताना त्यांचंच तोंड आधी उघडायचं आणि लेक हसायची.

तर त्या दिवशी काकूंचा व्यायाम करून घेणारी मुलगी त्यांचा पाय वरखाली करत होती आणि तिचा फोन वाजला. गिटारचा खणखणाट आणि ड्रमचा धडाका असलेलं, जुनं इंग्रजी रॉक गाणं. मुलगी फोन बंद करायला धावली आणि मध्येच थबकली, कारण काकू गात होत्या. नुसतं गुणगुणणं नव्हे, शब्दांसकट. रिंगटोन संपली तरी काकू थांबल्या नाहीत, थेट पुढच्या कडव्यात शिरल्या.

मुलगी हरखून गेली. बोलणं मेंदूच्या एका कप्प्यात असतं आणि गाणी दुसऱ्यात, पुष्कळांचं असं होतं, असं तिने समजावलं. मग म्हणाली, "काका, काकूंना अख्खं गाणं पाठ आहे हो. दोघं मिळून ऐकायचात का?"

काकांनी मान अशी हलवली की हो की नाही ते कळू नये. उभ्या संसारात या घरात ते गाणं कधी वाजलं नव्हतं. रेडिओसुद्धा बातम्यांपुरता लागायचा.

मुलगी गेल्यावर त्यांनी काकूंसमोर खुर्ची ओढली आणि हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, नको. आणि हसल्या. झटक्यानंतर अशा मोकळ्या त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या, आणि नेमकं तेच काकांना बोचलं. लोकांनी वीज चोरायला तारांवर टाकलेले आकडे काढण्यात आपली हयात गेली, त्यांच्या मनात आलं, आणि आपल्याच घरावर कुणीतरी आकडा टाकून बसलाय.

संशयित शोधायला लांब जावं लागलं नाही. चष्मेवाले होतेच. काकूंच्या माहेरच्या गल्लीत वाढलेले, चौकात चष्म्यांचं दुकान, बायको परदेशी लेकाकडे. काकू आजारी पडल्यापासून दर रविवारी फळांची पिशवी घेऊन येत आणि तासभर बसत. तरुणपणी आपला बँड होता आणि केस खांद्यापर्यंत होते, हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. आता डोक्यावर एक केस नव्हता, पण पुरावा नाहीसा करायची हीच तर पद्धत असते. काकांना ते भाऊजी म्हणत. इतकी वर्षं ते गोड वाटायचं, आता दर भाऊजीला काकांच्या कपाळावर आठी पडू लागली.

रविवारी त्यांना बोलावू का, असं काकांनी काकूंना विचारून बघितलं. नको. मग नको बोलावू? नको. एरवी या नकोच्या सगळ्या छटा काकांना कळायच्या. आता प्रत्येक नको जबाब बदलणाऱ्या ग्राहकासारखा वाटू लागला. घास भरवताना हात मध्येच थांबायचा आणि काकू तोंड उघडं ठेवून बघत राहायच्या. वेणी तर जास्तच वाकडी येऊ लागली. सकाळी देवापुढे हात जोडले की आरोग्य मागायचं राहून जायचं. ओठांवर एकच यायचं, खरं काय ते कळू दे. आपण जिला भरवतो, न्हाऊ घालतो ती आपली होती की नव्हती, एवढंच. पुढचे सगळे दिवस त्या उत्तरावर काढायचे होते.

तेव्हा काकांनी ठरवलं की रीतीने तपास करायचा. ठरावीक वॅटचा दिवा लावायचा. दिवा म्हणजे ते गाणं, ते आपण समोर वाजवायचं आणि दोघांचे चेहरे बघायचे.

गाद्यांच्या दुकानावर गिटारचा वर्ग होता. शिकवणारा मुलगा कपाळावरचे केस फुंकर मारून उडवायचा, काकांनी मनातल्या मनात त्याचं नाव झिपऱ्या मास्तर ठेवलं. मास्तरने गाणं ऐकलं आणि हे अगदी सोपं आहे, यात तीनच कॉर्ड आहेत, म्हणजे तारांवर बोटांच्या तीनच बैठका, ए, डी आणि ई, असं सांगितलं. काकांना ते पटेना. एवढं मोठं गाणं, आणि तीनच? घरी जाऊन त्यांनी ते फोनवर डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मास्तरला एका बाजूला घेतलं.

"चौथा कुठे ठेवलास?"

"काका, नाहीये चौथा. हे तीनच फिरत राहतात."

"सगळे असंच म्हणतात," काका म्हणाले.

पण शिकले. डाव्या हाताची बोटं तारांवर दाबायची, उजव्याने छेडायचं. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग निबर. एवरून डीवर जाणं जमलं, ईवर जाताना मात्र बोटं कायम उशिरा पोचायची. मास्तर म्हणायचा, बोटांकडे बघू नका. बघू नका असं सांगणाऱ्याकडे काका जन्मभर आधी बघत आले होते.

इकडे लेकीला बापाचाच संशय येऊ लागला. ती दुपारी आईपाशी बसायला यायची आणि बाबा औषधं आणतो म्हणून निघायचे. एकदा तिने सरळ विचारलं, की औषधाच्या दुकानात रोज इतका वेळ काय असतं, आणि नवीन शर्ट घालून का जायचं असतं. दुकानात आता एक बाई बसते म्हणे, चांगली आहे का? काका म्हणाले, तुला काय करायचंय. लेक म्हणाली, मला काही करायचं नाही, तुमची बोटं कशाने सोलली तेवढं सांगा. काकांनी हात खिशात घातले.

अखेर त्या रविवारी त्यांनी मास्तरची गिटार आणून पलंगाखाली सरकवली. चष्मेवाले आले, फळं ठेवली, कपाटाच्या आरशाला पाठ करून नेहमीच्या खुर्चीत बसले. लेकीने त्यांच्या हातात चहा दिला आणि दुसरा कप आणायला आत गेली. काका काकूंच्या चाकाच्या खुर्चीला खेटून, त्यांच्या उजव्या हाताला स्टूलवर बसले. तिथून आरशात काकूंचा चेहरा दिसत होता आणि समोर चष्मेवाल्यांचा. दोन्ही चकत्या एका नजरेत. मग एक शब्द न बोलता त्यांनी गिटार काढली आणि सुरुवात केली.

चष्मेवाले चपापले. हातातला कप खाली ठेवला. काकांनी नोंद घेतली. आरशात काकूंचे डोळे मोठे झाले. त्याचीही घेतली. ए, ए, डी. मग ई, आणि ई आला तो पुन्हा उशिरा. काकूंनी नाक मुरडलं. पुढच्या फेरीला पुन्हा उशीर, तेव्हा काकूंचा डावा हात खुर्चीच्या हातावर थाप मारू लागला. तिसऱ्या फेरीला तो हात पुढे आला, पोळीवरची माशी हाकलावी तशी काकांची बोटं त्याने गिटारच्या मानेवरून उडवली, आणि तिथे स्वतःची बसवली. बोटं घट्ट, टोकांवर. एकाही तारेला त्यांचा भलता स्पर्श नव्हता.

काकांचा उजवा हात तारांवर तसाच राहिला. आरशात बघायचं ते विसरले.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "भाऊजी, मी ड्रम बडवायचो. गिटार हिची असायची. आम्हाला कुणाला जमायचं नाही ते ही वाजवायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुमची पहिली भेट झाली, त्या दिवशी हिने विचारलं होतं ना, घरात काय आवडतं? तुम्ही म्हणालात, शांतता. त्याच संध्याकाळी हिने गिटार माझ्याकडे आणून दिली. अजून आहे दुकानात, वरच्या माळ्यावर. तारा गंजल्यात."

काकांना ती भेट आठवत होती. त्या दिवसाची साडी, खिडकीतलं ऊन, सगळं. शांतता म्हटल्याचं आठवत नव्हतं. म्हटलं असेल. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून येणारा माणूस दुसरं काय म्हणणार. पण तेवढ्या एका शब्दाचं सील आपण लावलं आणि ते इतकी वर्षं कुणी हलवलं नाही. तरी सवय जाता जात नाही. त्यांनी विचारलंच, मग तुम्ही दर रविवारी कशाला येता?

"हिचं देणं लागतो मी. माझा ताल चुकायचा तेव्हा सगळ्यांसमोर अशीच झापायची. तिच्यामुळे शिकलो," चष्मेवाले म्हणाले. "शिवाय चहा बरा असतो तुमच्याकडे."

लेक चहाचा दुसरा कप घेऊन दारात उभी होती. बापाच्या मांडीवर गिटार, आणि गिटारच्या मानेवर आईचा हात. एका क्षणात तिला शर्टाचं आणि सोललेल्या बोटांचं कोडं उलगडलं.

काकूंनी अंग कलतं करून काकांना ढोसलं. वाजवा, म्हणून. काकांनी उजवा हात फिरवला. आता डावा हात काकूंचा आणि उजवा काकांचा. ए, डी, आणि ई नेमका वेळेवर. काकू गाऊ लागल्या, सगळे शब्द, एकही न सांडता. काका कुठे चुकले तर त्या गाता गाता डोळे वटारायच्या, आणि काका घाईने सुधारायचे. चष्मेवाले गुडघ्यावर ठेका धरून बसले. तिथे चौथा कॉर्ड नव्हता, हे काकांना त्या दिवशी पटलं.

गाणं संपलं. काकूंच्या बोटांच्या टोकांवर लाल वळ उठले होते. काकांनी ते बघितले, एकेक बोट आपल्या हातात घेऊन हळू चोळलं. दमली असेल असं वाटून ते उठले आणि गिटार पिशवीत घालायला लागले.

"नको," काकू म्हणाल्या.

काकांनी स्टूल पुन्हा जवळ ओढलं.