लिफ्ट चावते

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरी येऊन थापा मारतो. दोर तुटलेली लिफ्ट म्हणे त्यानं एका हातानं धरून ठेवली, आत आठ माणसं आणि एक लोखंडी कपाट, आणि दुसऱ्या हातात चहा! आमचं सहा वर्षांचं पिल्लू आ वासून ऐकतं. मी म्हणायचे, "अरे, पोर खरं मानतं." तो म्हणायचा, "मानू दे की. या घरात मला मानणारं तेवढं एकच माणूस आहे."

पिल्लूची लाडकी थाप फटीची. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली आणि बाबा वीतभर फटीतून मांजरासारखा बाहेर निसटला.

मंगळवारी शाळेतून येताना लिफ्टमधे आम्ही दोघंच होतो. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे ती थांबली. पिल्लूनं जाळीचं दार सरकवलंसुद्धा. समोर नुसती भिंत, आणि वर, छताशी, चौथ्या मजल्याची फट. तिथलं बाहेरचं दार नेहमीसारखं कुणीतरी उघडंच टाकलेलं.

मी घंटा दाबून धरली. खालून वॉचमनचा आवाज आला, "घाबरू नका वहिनी, बघतो मी!"

मागे वळते तर पिल्लू दुमडलेल्या जाळीवरून माकडासारखं वर.

"उतर खाली!"

"बाबा निघाला होता."

"बाबानं थाप मारली होती."

त्यानं माझी कीव केल्यासारखं बघितलं. "तू होतीस का तिथे?"

नव्हते. त्याचं डोकं फटीत गेलं होतं. मी कंबर धरली, तर लाथा झाडायला लागलं. माझे हात भरून आले.

"थांब," मी म्हणाले. "पुढचं सांगितलंच नाही का बाबानं? लिफ्ट जागी असली की चावते. त्यानं आधी तिला थोपटून झोपवलं. मोजून शंभर वेळा."

लाथा थांबल्या.

पिल्लू खाली उतरलं आणि लिफ्टच्या मागच्या भिंतीला पाठ लावून तिला थोपटायला लागलं. एकोणचाळीसला त्याची गाडी घसरते आणि थेट पन्नासवर जाते.

"चुकलं. पहिल्यापासून."

तीनदा चुकलं. चौथ्यांदा सत्तावीसवर असताना लिफ्टला हिसका बसला. वॉचमननं वर जाऊन यंत्राचं चाक हातानं फिरवलं होतं. छत खाली आलं, फट बोटभर झाली, मग उरलीच नाही.

"जागी झाली," पिल्लू कुजबुजलं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं पिल्लूला पुढ्यात घेतलं. "पिल्ला, मी कधीच फटीतून निघालो नाही. थाप होती ती. असं करणारा माणूस मरतो."

पिल्लू खुदकन हसलं. "आई पण म्हणाली, तू निघालास. आधी थोपटलंस."

नवरा माझ्याकडे बघत राहिला.

"ते मी रचलं रे," मी म्हणाले. "तुला थांबवायला."

पिल्लूनं विचार केला. "म्हणजे लिफ्ट चावत नाही?"

"चावते!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"मग थोपटायचं पण खरंच आहे," ते समजूतदारपणे म्हणालं, आणि कॉटवर पडून शेजारच्या भिंतीवर सराव करायला लागलं. आम्ही दोघं दारात उभे राहून ऐकत होतो.

"अडतीस. एकोणचाळीस."

हात थांबला. कपाळाला आठी पडली.

"चाळीस," पिल्लू म्हणालं.