मळक्या चादरींतली भोपळी

मित्रांनो, मी एका मोठ्या हॉटेलातली, मळक्या चादरी वाहणारी जुनी ट्रॉली आहे. लोखंडी सांगाडा, आत जाड कापडाची झोळी, खाली चार चाके. मी नवी होते तेव्हा आमचे मॅनेजर साहेब माझ्यावर थाप मारून म्हणाले होते, "हिला कितीही लादा, कुरकुर करत नाही." खोल्या आवरणाऱ्या बायकांचेही ते असेच कौतुक करत. कौतुकाला पैसे पडत नाहीत.

त्यांतल्या एकीची मुलगी वर्षाची होती. गुबगुबीत, म्हणून सगळ्या तिला भोपळी म्हणत. चांगल्या पाळणाघराची फी भरली, तर आईच्या पगारात घरभाडेही उरत नव्हते. स्वस्तातले एक होते, पण ते उघडायचे दहाला आणि हिची ड्यूटी सातला. मधल्या वेळात मूल काय खुंटीला टांगायचे?

म्हणून भोपळी माझ्या झोळीत झोपू लागली. बायकांनी खूण ठरवली. माझ्या दांड्याला उशीच्या अभ्र्याची गाठ असली, की आत मूल आहे. ट्रॉली उपडी करायची नाही. खाली धुलाईतल्या काकांनाही ती खूण पाठ होती. साहेबांना तेवढी कुणी सांगितली नव्हती.

सांगणार कशी? वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या मुलांसाठी खेळघर होते. गालिचा, झोपाळा, सांभाळायला बाई. आणि बहुतेक सकाळी मूल एकही नाही. भोपळीच्या आईने एकदा विचारून पाहिले होते.

"साहेब, दहापर्यंत बसवू का हो तिला तिथे?"

"अहो बाई, मग उद्या सगळ्याच आणतील."

"आणतीलच की. मुलं सगळ्यांनाच आहेत."

साहेब हसले. विषय संपला.

एका सकाळी मालक पाहणीला येणार होते. भोपळीची आई एका खोलीचे न्हाणीघर घासत होती. बाहेर साहेबांना माझ्या दांड्यावरची गाठ दिसली. "हे काय लक्तर लावलंय?" म्हणत त्यांनी ती सोडली आणि मला लिफ्टने खाली पाठवले.

गाठ नाही, म्हणून काकांनी मला यंत्राच्या तोंडाशी निर्धास्तपणे उपडी केले. चादरींबरोबर भोपळी आत घरंगळली. दचकून रडली, म्हणून वाचली. तिला बाहेर ओढून काका तिथेच फरशीवर बसले.

चौकशी झाली. गाठ कुणी सोडली, हे कुणी विचारले नाही. आईला कामावरून काढले. कारण, मुलाच्या जिवाशी हलगर्जीपणा. त्या जिवाची साहेबांना एवढी काळजी आहे, हे आम्हा सगळ्यांना त्या दिवशीच कळले.

"आता हिला कुठे ठेवशील गं?" काकांनी विचारले.

"आता काय, मीच आहे की दिवसभर तिच्याजवळ," ती म्हणाली. "तिला खायला काय घालू, ते विचारा."

मलाही मोडीत काढले. नव्या ट्रॉल्या जाळीच्या आल्या, आतले बाहेरून दिसावे म्हणून. त्या खर्चाला कुणी नाही म्हटले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मी नाही म्हणणार. मी लोखंड आहे, गंजेन. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्याशा हॉटेलात उतराल. तेव्हा तुमची चादर बदलणाऱ्या बाईला विचारा, तुमचं मूल आत्ता कुठे आहे? उत्तर ऐकून 'अरेरे' म्हणू नका. अरेरेच्या झोळीत मूल झोपत नाही. खाली जाऊन तिच्या साहेबांनाही तेच विचारा, आणि ते नीट उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.