उघाडीच्या फळ्या

“पोरी, हिरामणला उघाडीवर एकटा बसवू नको. तो पान्याकडं बघत नाय, पान्याच्या पलीकडं बघतो.”

मचवा चालवणाऱ्या म्हाताऱ्या इसाकचाचांनी हे हिरामण परतल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितलं, तेव्हा काशीने हसण्यावारी नेलं. ठाण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली ती. लढाईवरून आलेला नवरा काही दिवस गप्प राहणारच, असं तिने स्वतःला समजावलं.

पासष्टची लढाई संपवून हिरामण खाडीकाठच्या दिवाळे गावी आला आणि गावाने त्याला मानाचं काम दिलं. खाडीच्या बांधात नाल्यावर लाकडी दार असतं, ती उघाडी. भरतीला फळ्या टाकून ती बंद करायची, ओहोटीला उघडायची. चुकलं तर खारं पाणी भातात शिरतं आणि जमीन तीन वर्षं रुसून बसते.

श्रावणातल्या अवसेला भर दुपारी उधाण होतं. खाडी कुठे संपते नि आभाळ कुठे लागतं, कळत नव्हतं. होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसत होत्या. तान्ह्या कमळीला कडेवर घेऊन काशी भाकरी द्यायला निघाली. नेहमीच्या वाटेवर चिखल, म्हणून नाल्याच्या पलीकडच्या बांधाने आली. हिरामणने नुकतीच शेवटची फळी टाकली होती. तिने हात वर करून त्याला हाक मारली.

तो पांढराफटक पडला. मग एकेक फळी उपसायला लागला.

“थांबलो हाय मी,” तो हळू, समजूत घातल्यासारखं म्हणत होता. “या तुमी. सावकाश या.”

पाणी आवाज न करता भातात पसरत गेलं. गाव धावत आलं, फळ्या पुन्हा बसल्या, पण दोन शेतं गेली.

“झपाटलाय,” सासू बायजा म्हणाली. “भगताला बोलवा.”

त्या संध्याकाळी ओट्यावर हिरामण बोलला. कालव्यावरचा पूल उडवायचा हुकूम होता. पुलाच्या पलीकडच्या टोकावर एक बाई होती, कडेवर मूल. थांबा म्हणून हात करत होती. त्याने खटका दाबला.

सकाळी काशीने इसाकचाचांना गाठून घरी आणलं. ठाण्याला मनाचे एक डॉक्टर आहेत, म्हणाले ते.

“डागदराला काय लागतं, कोंबडं?” बायजाने टोमणा मारला.

“नाय भाभी, तोंड उघडावं लागतं. इंग्रजांच्या मोठ्या लढाईत जहाजावर होतो, आल्यावर मीबी बसलोय त्याच बाकड्यावर.”

“शिक्षा देतो का तो?” हिरामणने विचारलं. “देत आसंल तर येतो.”

“देत नाय. पन ऐकून उठून जात नाय.”

हिरामणने पायताण घातलं.

भरतीच्या पाण्यावर मचवा ठाण्याला लागला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. विसरा म्हणाले नाहीत. “तिची ओढणी कुठल्या रंगाची होती?” एवढंच विचारलं.

“पिवळी,” हिरामण म्हणाला, आणि काशीने त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आता दर बुधवारी ते जातात. उधाणाला उघाडीवर दोघं असतात. फळी टाकण्याआधी तो विचारतो, “पलीकडं कोन नाय ना?” काशी नीट बघते, मग सांगते. कधी तो दुसऱ्यांदाही विचारतो.

आणि हे वाचणाऱ्यांना काशीचं एक मागणं आहे. तुमच्या वाडीत, आळीत कुणी लढाईवरून आला असेल, तर आज त्याच्याकडे जाऊन या. शेजारी बसा, आणि तो कुठे बघतोय ते बघा.