पुठ्ठ्यावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी, इथल्याच कारखान्यात जुळवलेली गाडी आहे. मला दुकानात पोचवणाऱ्या म्हाताऱ्या ट्रकने वाटेतच बजावलं होतं, ‘‘पोरी, तू इथली. तुला खड्ड्यांपेक्षा बोलणीच जास्त खावी लागतील.’’ मी तेव्हा कोरी करकरीत होते. हसण्यावारी नेलं.

मी ज्या घरी आले, तिथे अंगणात मालकिणीच्या थोरल्या भाऊजींची परदेशी गाडी आधीच रुबाबात उभी होती. ती बंद पडली, की पेट्रोलमध्ये भेसळ असायची, नाहीतर रस्ते वाईट असायचे. माझं दार नुसतं करकरलं, तरी सगळे म्हणायचे, इथला माल, दुसरं काय!

माझ्या मालकिणीचा, म्हणजे चिमीच्या आईचा, तर माझ्यावर तिळभर विश्वास नव्हता. चिमी झाल्यापासून तिच्या जिवाला सतत घोर. माझ्या जागेवर तिने एक पुठ्ठा अंथरून ठेवला होता. रोज सकाळी ती वाकून बघायची, रात्रीतून काही गळलं तर नाही ना. मी मनातून खट्टू व्हायचे. परदेशी गाडीखाली मात्र कुणी कधी वाकलं नाही. तिचं काय बघायचं?

एका सकाळी पुठ्ठ्यावर बशीएवढा तेलकट डाग निघाला. चिमीच्या आईचा चेहरा उतरला. त्याच दिवशी घरची मंडळी डोंगरावर सहलीला निघाली होती.

‘‘भाऊजी, चिमीला तुमच्या गाडीत घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या खटाऱ्याचा काही भरवसा नाही. मी हिला गॅरेजला टाकून येते.’’

आदल्या संध्याकाळी मी बाहेरून परतले, तेव्हा परदेशी गाडी माझ्याच जागेवर, त्याच पुठ्ठ्यावर उभी होती. तिला बाजूला घेतलं, तेव्हा कुठे मी त्या पुठ्ठ्यावर उभी राहिले. पण हे मी सांगणार कशी? मला हॉर्नशिवाय वाचा नाही, आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

गॅरेजमध्ये तिने मोबाइलवर काढलेला डागाचा फोटो दाखवला. गॅरेजवाल्याने मला वर उचललं, चाकं चाचपली. ‘‘ताई, फोटोतला डाग ब्रेक ऑइलचा वाटतोय. पण ही तर कोरडी ठणठणीत आहे.’’

 चिमीच्या आईला आदली संध्याकाळ आठवली, पुठ्ठ्यावर उभी असलेली परदेशी गाडी आठवली. तिने फोन लावला.

‘‘भाऊजी, गाडी बाजूला घ्या.’’

‘‘अगं, आत्ता कुठे चढ लागतोय. ब्रेकचं पेडल जरा खोल जातंय, पण भारी गाड्यांचं तसंच असतं.’’

‘‘आधी थांबवा. मग बोला.’’

हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबली. चिमी मागच्या सीटवर गाढ झोपली होती. तिला घरी आणलं ते मी.

रस्ते वाईट, असंच शेवटी ठरलं. मला कुणी शाबासकी दिली नाही. तेवढा एक पुठ्ठा अंगणात वाढला, परदेशी गाडीखाली.

आता माझा पत्रा झिजलाय, चढ आला की धाप लागते. बोलण्यांचंही काही वाटेनासं झालंय. सगळ्यांनी मला नावं ठेवली, म्हणून निदान रोज कुणीतरी माझ्याकडे वाकून बघितलं. त्या परदेशी गाडीचं कौतुकच झालं, आणि ती बिचारी मुकाट्याने गळत राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, ‘त्याचं काही बघावं लागत नाही.’ आज घरी गेलात, की आधी त्याच्याजवळ जा. बरं आहे ना, विचारा. आणि ‘हो’ म्हणालं, तरी जरा वाकून बघा.