फोटोत नसलेल्या बाईची तिपाई

मी एक जुनी तिपाई आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, जुनी वस्तू आहे, गोड गोड बोलेल आणि शेवटी डोळे पुसेल. मला डोळे नाहीत. मला पाय होते. तीन. आता अडीच आहेत.

दुकानात माझं नाव ट्रायपॉड होतं. माझं काम सोपं आहे. माझ्या डोक्यावर फोन बसवायचा आणि त्यातलं घड्याळ लावायचं. फोन दहापासून उलटे आकडे मोजतो. तेवढ्यात फोटो काढणाऱ्यानं धावत जाऊन बाकीच्यांत उभं राहायचं. फोटोतून घरातलं कुणी सुटू नये, एवढ्यासाठीच माझा जन्म. कारखान्यात मला कुणी प्रेमानं वगैरे घडवलं नाही. यंत्रानं नळ्या कापल्या, दुसऱ्या यंत्रानं चाप बसवले. मग सांगलीच्या एका दुकानात मी मोबाइलच्या कव्हरांशेजारी लोंबकळत राहिले.

मला घेतलं स्वप्नानं. विश्रामबागेत तिचं बैठं घर आहे. घरात नवरा महेंद्र, सासू येसूबाई, मुलगा निमिष तेव्हा पहिलीत आणि धाकटी ज्ञानदा नुकती भिंत धरून चालणारी.

दुकानदारानं विचारलं, "काय वहिनी, रील काढताय वाटतं?"

"नाही," स्वप्ना म्हणाली. "फोटोत बसणार आहे."

त्याला काही कळलं नाही. मला घरी गेल्यावर कळलं.

थोड्याच दिवसांपूर्वी फलटणजवळच्या गावी महेंद्रच्या थोरल्या काकू वारल्या होत्या. गावात त्यांच्याएवढं मोकळं हसणारं कुणी नव्हतं म्हणे. पण भिंतीवर लावायला फोटो शोधायला गेले, तर एक धड फोटो सापडेना. एका लग्नात त्या पंगतीत वाढताना पाठमोऱ्या होत्या. दुसऱ्यात भाकऱ्या थापताना धुरात होत्या. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला, चौकट केली, हार घातला. त्यात काकू अशा बघत होत्या, जणू त्यांना कुणी धरून आणलंय. निमिषनं भर माणसांत विचारलं, "ही कुठली आजी? चिडलीय का?"

त्या दिवशी घरी येऊन स्वप्ना आपल्या फोनमधले फोटो बघत बसली. निमिषचा पडलेला दात. ज्ञानदाचं बारसं. वाईच्या घाटावर कृष्णेत पाय सोडून बसलेली दोघं. वरणभाताचा पहिला घास आणि त्याच भाताचं केसांना केलेलं लिंपण. फोटोच फोटो. ती मात्र कुठेच नाही. एकात आरशात तिचं कोपर दिसत होतं, बस.

"हे बघून कुणालाही वाटेल, ह्या पोरांना आईच नाही," ती महेंद्रला म्हणाली.

"अगं, तू काढतेसच एवढे छान," तो म्हणाला. "तुझ्यासारखा अँगल घरात कुणाला जमतो का?"

मित्रांनो, माझा पहिला राग ह्या वाक्यावर आहे. महेंद्र वाईट माणूस नाही. तो खरंच कौतुकानं बोलला. पण कौतुक करूनही एखाद्याला बाहेर उभं करता येतं, आणि आत बोलवायला कुणी विसरलंय हे त्याला वर्षानुवर्षं समजतही नाही.

मग मी घरी आले. येसूबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही कसली गं तिपाई? हिच्यावर तांब्या तरी ऱ्हाईल का?" तेव्हापासून मी तिपाई.

पहिली पाळी निमिषच्या वाढदिवसाला आली. पाटावर निमिष, शेजारी महेंद्र, त्याच्या मांडीवर ज्ञानदा, मागे खुर्चीत येसूबाई. स्वप्नानं मला नीट उभं केलं, फोन बसवला, घड्याळ लावलं आणि निघाली. फोन सात म्हणत होता, तेवढ्यात येसूबाई ओरडल्या, "आगं सपना, दूध उतू चाललंय बग!" स्वप्ना जागच्या जागी वळली आणि स्वयंपाकघरात पळाली. फोटोत चौघं हसतायत, आणि उजव्या कडेला हिरव्या ओढणीचं टोक उडतंय. त्या टोकाला स्वप्ना समजायचं.

दूध काय, कुणीही बंद करू शकलं असतं. महेंद्र उठला असता तर आभाळ कोसळलं नसतं. पण तो फोटोत होता ना! फोटोतल्या माणसानं हलायचं नसतं.

गौरीला तेच. सगळ्यांची जेवणं उरकून ती साडी बदलून येईपर्यंत पोरं झोपलेली. आणि पुन्हा वाईला गेलो, तेव्हा तर मला पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. महेंद्रचा मावसभाऊ म्हणाला, "वहिनी, तुम्हीच काढा की. स्टँडचा काय भरवसा, वाऱ्यानं जायचं नदीत." मी नदीत गेले असते तरी चाललं असतं, पण ती घाटावर पोरांजवळ बसली असती. तिनं सगळ्यांचा फोटो काढला. पुन्हा काढला, कारण मावसभावाचे डोळे मिटले होते. पुन्हा काढला, कारण येसूबाईंचा पदर सरकला होता. "तू ये ना आता," असं एकानंही म्हटलं नाही. ती पण गप्प. मला तिचाही राग आला. एकदा ओरड की, बाई!

पुढे मी कोपऱ्यात गेले. कोपऱ्यातल्या वस्तूचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. माझ्यावर ओले टॉवेल वाळले. मच्छरदाणीची एक दोरी माझ्या मानेला बांधली गेली. निमिषला तर मी स्टंपच दिसले. तीन काठ्या दिसल्या की पोरगं दुसरं काय करणार? त्याच्या एका चेंडूनं माझ्या पायाचा चाप तुटला. स्वप्नानं परकराची नाडी गुंडाळून तो पाय बांधला. ती नाडी अजून आहे.

पोरं मात्र माझ्यासाठी थांबली नाहीत. निमिष तिसरीत गेला आणि चारचौघांत आईचा हात सोडवून घ्यायला लागला. ज्ञानदाच्या गालावरच्या खळ्या बुजत चालल्या. स्वप्ना ते बघत होती. तिला पोरं लहान असतानाचा एक फोटो हवा होता, ज्यात ती स्वतः असेल. एवढंच मागणं. रोज थोडं थोडं ते हातातून जात होतं.

ह्या संक्रांतीनंतर ज्ञानदाचं बोरन्हाण ठरलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं झालं असेल. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हल्ली चॉकलेटंसुद्धा. गल्लीतली सगळी पोरं बोलावलेली. बायका जमल्या. स्वप्नानं मला कोपऱ्यातून आणलं, फडक्यानं पुसलं, नाडी आवळली.

"आगं, ती लंगडी कशाला आणलीस?" येसूबाई म्हणाल्या. "तूच काढ की. तुला सवय हाय."

शेजारची रेश्मा म्हणाली, "हो गं, तूच काढ. तू काढलास की आम्ही बारीक दिसतो."

सगळ्या हसल्या. स्वप्ना हसली नाही. तिनं फोन माझ्या डोक्यावर बसवला आणि सरळ जाऊन ज्ञानदाला मांडीवर घेऊन पाटावर बसली.

"आज मी फोटो काढणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण खोलीत कुणी चुरमुरा खाल्ला असता तरी ऐकू आला असता. "काढून काढून माझे हात दुखले. माझी पोरगी आहे, तिच्या डोक्यावर बोरं पडताना मी तिला धरलेलं दिसलं पाहिजे. अहो, तुम्ही घड्याळ लावा आणि इकडे या. निमिष, माझ्या डावीकडे. आणि दूध मी गॅसवर ठेवलेलंच नाही."

शाब्बास, मी मनात म्हटलं. महेंद्रनं बोट लावलं. आकडे सुरू झाले.

आणि आता माझा सगळ्यात मोठा राग ऐका. आकडे संपेपर्यंत थांबायचं, हे त्या बायकांना सुचलंच नाही. पाटावर मूल बसलं की ओतायचं, एवढंच हातांना ठाऊक. फोन पाचावर असताना रेश्मानं बोरांनी भरलेलं सूप उपडं केलं. बोरं उडाली, चॉकलेटं घरंगळत थेट माझ्या पायांपाशी आली. गल्लीतली पोरं ती लुटायला माझ्यावरच तुटून पडली. मी नाडीच्या पायावर सगळं बळ लावलं, मित्रांनो. इतकी वर्षं उभं राहायला शिकले ती ह्याच क्षणासाठी. पण पाय दुमडला. मी कलले. आडवी होता होता डोक्यावरच्या फोनचा आवाज आला. खच्.

फोन उचलून सगळे बघायला वाकले. फोटो पार तिरका. महेंद्र नाही, येसूबाई नाहीत, एकही पाहुणी नाही. फक्त स्वप्ना, केसांत चुरमुरे, ज्ञानदाला छातीशी घट्ट धरलेली आणि मोठ्यानं हसणारी. तिच्या खांद्यावर निमिषची हनुवटी. ती कुठे बघत होती ठाऊक आहे? मी पडत होते, माझ्याकडे.

"ह्यॅ, वाकडा आलाय. मी तर नाहीच ह्यात," महेंद्र म्हणाला. "डिलीट करू, परत घेऊ." त्याचं बोट निघालं.

निमिषनं त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "पप्पा, नको! ह्यात आई आहे!"

महेंद्रनं फोटो पुन्हा पाहिला. मग फोन स्वप्नाच्या हातात दिला.

तिनं तो छापून आणला, चौकट केली आणि बैठकीत खिळा ठोकला. येसूबाई खवळल्या. त्या भिंतीवर फक्त गेलेली माणसं होती, हार घातलेली. "जित्या माणसानं तिथं लागायचं न्हाई. अपशकुन हाय त्यो!"

"आई, गेल्यावर लावाल तेव्हा आधार कार्डावरचा लावाल," स्वप्ना म्हणाली. "मला काकूंसारखं टांगून घ्यायचं नाही. हसतेय तोवर लावते."

येसूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

माझा पाय पुन्हा जुळला नाही. मला मागच्या अंगणात रोवलं आणि माझ्यावर घेवड्याचा वेल चढवला. आता मी वेलाची आहे. पण स्वयंपाकघराचं दार माझ्यासमोरच उघडतं, त्यामुळे परवाचं सगळं मी पाहिलं.

येसूबाई माझ्याजवळ बसून शेंगा तोडत होत्या. स्वप्ना कपडे वाळत घालत होती. येसूबाई शेंगांकडे बघतच म्हणाल्या, "सपना, माझाबी एक काढ गं. हसरा. काकूगत नगं मला."

स्वप्नानं हातातला ओला कपडा बादलीत टाकला. मग म्हणाली, "मी नाही काढणार, आई. मी तुमच्या शेजारी बसणार. अहो! फोन घेऊन या."

महेंद्र आला. ज्ञानदा आजीच्या मांडीवर, निमिष वेलामागून डोकावणारा, स्वप्ना येसूबाईंना चिकटून. महेंद्रला अँगल काही सापडेना. तो मागे सरकला, पुढे सरकला, चिखलात पाय घातला. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला.

"दूध!" स्वप्ना उठायला लागली.

येसूबाईंनी तिचं मनगट धरलं. "बस खाली. जाऊ दे उतू. म्हेंद्रा, तू काढ रं."

खच्.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. एका दुधानं एवढी वर्षं भरून येत नाहीत. आज तुमच्या घरी जा आणि फोन उघडून बघा, कोण दिसत नाही ते. जे दिसत नाही, त्याच्या हातातून फोन काढून घ्या. तिरका आला तरी चालेल.

आणि हो, शेगडी महेंद्रनं घासली. जो फोटोत नाही त्यानं स्वयंपाकघर बघायचं, असा ह्या घरात नियमच होता.